गोवराचं पथ्य

संक्रांतीचा दुसरा दिवस

घरात बायका दोन आणि बोलणं एकीचंही नाही. मी तोंड उघडलं की भांडण होतं, सून मिटून बसली की आणखी होतं. म्हणून ही वही काढली. तिसरीपर्यंत शाळा झाली होती, तेवढ्यावर भागवायचं.

काल रोहिणीचं अंगावरचं दूध तोडलं. नात दीड वर्षाची झाली तरी आईला लुचत होती, आणि धनश्रीला पुन्हा दिवस गेलेत. पोटुशीचं दूध पोराला बाधतं ही गोष्ट साऱ्या घाटनांदुरात माहीत आहे, माझ्या सुनेला सोडून.

"आत्या, शिमग्यापर्यंत पिऊ द्या की. ती अजून भाकरीला तोंड लावत न्हाई."

"लावंल. पोटाला काय तुझी परवानगी लागती व्हय?"

कडुलिंबाचा पाला वाटून दिला, छातीला लावायला लावला. पोरीनं एकदा ओठ टेकवले, थुंकली, आणि माझ्याकडं अशी बघत राहिली की पाला कुणी वाटला ते तिला बरोबर कळलंय. हुशार आहे. माझ्यावर गेलीय.

सोमनाथ, माझा पोरगा, दिवाळीपासून मेंढरं घेऊन गोदावरीकाठी आहे. पाऊस पडेस्तोवर तिकडंच चारणार. धनश्री पण पोरीला घेऊन त्याच्याबरोबर वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर होती, दिवस गेले म्हणून मीच बोलावून घेतली. इथं वस्तीवर आता आम्ही तिघी, थोड्या शेळ्या, आणि चालवत नाही म्हणून मागं राहिलेली दोन म्हातारी मेंढरं. मला धरलं तर तीन.

माघ, मंगळवार

रोहिणीच्या अंगावर आई उमटली. आधी ताप होता, डोळे लाल, नाक गळत होतं. आज कानामागून लाल पुरळ निघालं ते छातीवर उतरलं. सत्यभामा गोवर म्हणते. सत्यभामा म्हणजे आमच्या अंगणवाडीची बाई. दारात उभी राहून मलाच झापायला लागली.

"काकू, लसीसाठी किती निरोप धाडले! पोरगी वाड्यावर हाय, आली की देऊ, आली की देऊ. आता बघा. दवाखान्यात न्या तिला."

"आईला सुई चालत न्हाई. आलीय तशी जाईल. पाव्हणी हाय ती, हाकलायची नसती."

वस्तीत कुणाकडंही आई आली की मलाच बोलावतात. दाराला लिंबाचा डहाळा बांधायचा, ओलं फडकं अंगावरून फिरवायचं, पथ्य सांगायचं. आमच्यात पथ्य कडक. घरात फोडणी नाही, तळण नाही. दूध, डाळ, अंडं, तेल काही नाही, पोरालाही नाही आणि घरातल्या बाईलाही नाही. पोराला भाताचं पाणी द्यायचं, साखर घालून ज्वारीची पेज द्यायची. मग पोराच्या बापानं मरीआईच्या ठाण्यावर नारळ फोडून आईला वाटेला लावायचं, की पथ्य सुटलं. नारळ बापाच्याच हातचा लागतो. चुलत्याचा, आज्याचा चालत नाही.

सोमनाथला फोन लावला. मागं मेंढरांचा ओरडा, त्यात ह्याचा आवाज. "शिवरात्रीला येतो आई. तवर पथ्य नीट पाळ."

मला सांगतोय!

माघ, रविवार

पुरळ काळं पडून गेलं. ताप गेला. जुलाब तेवढे राहिलेत. पोर करपलेल्या धाटासारखी वाळली.

सकाळी शेळीनं दूध कमी दिलं. शेळी चुकत नाही, माणूस चुकतं. गोठ्यामागं जाऊन बघते तर धनश्री पोरीला मांडीवर घेऊन वाटीनं दूध पाजत बसलेली. मी वाटी हातातून घेतली आणि करडापुढं ठेवली.

"ताप गेलाय की आत्या!"

"ताप गेला, आई गेली न्हाई. नारळ फुटला का?"

"त्यो कवा फुटायचा?"

"शिवरात्रीला."

"आन तवर?"

"तवर तू बी बेतानं गिळ आन गप ऱ्हा. पोटातलं ल्हान राहिलं तर सुटका सोपी होती. तुझ्या भल्याचं सांगते."

मला वाटलं रडेल. रडली नाही. पोरीचं तोंड पदरानं पुसून आत गेली. करडानं वाटी चाटून उलटी केली.

शिवरात्र

सोमनाथ आला नाही. मेंढ्या व्यायला लागल्यात, परवा लांडग्यानं कोकरू नेलं, दुसऱ्यावर टाकून येता येत नाही. "शिमग्याला नक्की." त्याच्या बापाचं असंच होतं. मेंढरामागं गेलेल्या माणसाच्या 'नक्की'वर मी कधी चूल पेटवली नाही. पण दोष तरी काय द्यायचा? मेंढी व्यायची तेव्हा वितेच.

पथ्य लांबलं. धनश्री म्हणते मधेच सोडा. माझ्या सासूनं कधी सोडलं नाही, मी सोडणार नाही.

रोहिणी आता रडत नाही. कोपऱ्यात बसवलं की बसून राहते. हात पसरत नाही, मागत नाही. शेजारची वत्सला आली होती. तिच्या कडेवर तिचा नातू सत्यम, तिचे केस ओढत होता.

"काय गुणाची पोर गं तुझी, तुळजे! न्हाईतर हे आमचं कार्टं बघ, घर डोक्यावर घेतंय."

मी म्हणाले, वळण लावावं लागतं.

फाल्गुन, बुधवार

आज जरा बरं वाटलं. पोर भरायला लागली. गाल वर आले, पावलं गुबगुबीत झाली, हाताच्या पाठीवर खळ्या पडल्या. आईची कृपा. केस तांबूस झालेत, पण धनश्रीच्या माहेरचे सगळे तांबडेच आहेत.

"बघ," मी म्हणाले. "तुझ्या दुधाबिगर आन शेळीच्या दुधाबिगर भरली का न्हाई?"

ती पोरीच्या पायाकडंच बघत होती. "आत्या, वाळे पायात शिरत न्हाईत."

"मंग? मोठी झाली."

"दंड बघा की. दंड काडीवानी हाय. मोठी झाली तर नुसती पायातच कशी झाली?"

ह्या पोरीला आनंद म्हणून सोसत नाही.

दुपारी सत्यभामा काटा घेऊन आली. वजन करू देणार नव्हते, पोरीला दृष्ट लागते. पण म्हणलं करू दे, तिचंही तोंड बंद होईल. केलं. वजन वाढलेलं निघालं. मी सत्यभामेकडं बघितलं. तिचं तोंड वजन वाढल्यासारखं नव्हतं. पोरीचं पाऊल हातात घेऊन बसली.

"काकू, ही सूज हाय. अंबाजोगाईला न्या. आजच्या आज."

"तुझा काटा म्हणतो वाढलंय. तू काट्याचं ऐकती का मनाचं? आन हे बघ, ती पिठाची पाकिटं नको देऊस आता. शेळी बी कंटाळली."

"पाकिटं शेळीला घातली?"

"मंग काय, पथ्यात पोरीला घालू?"

तिनं काटा उचलला. जाताना धनश्रीच्या कानाशी लागली. मी बघितलं.

शिमगा

पुरण घातलं नाही. पथ्यात कसलं पुरण. वत्सलाच्या घरून वास येत होता, धनश्री दारात बसून वास घेत होती. वत्सलानं ताट आणलं ते मी तसंच परत पाठवलं. सोमनाथ आला नाही. आता पाडवा म्हणतो. फोनवर विचारलं, पोर कशी आहे. मी सांगितलं, भरलीय.

रोहिणीच्या नडग्यांची साल सुटतेय. भिंतीचे पोपडे निघतात तशी, खाली लाल. आई जाताना कात टाकते, असं सासू म्हणायची. म्हणायची का? नीट आठवत नाही. म्हणत असणार.

पेज भरवली तर तोंडात धरून बसली. गिळायचंच विसरली. गालावर चापट मारली तेव्हा गिळली.

धनश्री म्हणाली, "उद्या मी हिला घिऊन दवाखान्यात जाती."

"जा. आईचा कोप झाला तर हातातलं बी जाईल आन पोटातलं बी जाईल. मंग माझ्या दारात येऊ नको."

गेली नाही. जाणार नाही हे मला माहीत होतं. झोप मात्र मलाच आली नाही. त्या पुरणाच्या वासानं असेल.

शुक्रवार, सकाळ

डोकं फिरलंय. सिरसाळ्याचा नाथा आला होता, मेंढरं विकत घेणारा. मागं राहिलेल्या दोघींतली एक म्हातारी मेंढी त्याच्या गळ्यात मारायची होती. जबड्याखाली अशी भरलीय की बघणाऱ्याला वाटावं खाऊन माजलीय. मला माहीत होतं काय आहे ते. त्याला कळणार नाही असं वाटलं.

"मावशी, गळा लई भरलाय की हिचा."

"घरचं खाती. तुझ्यावानी गावभर फिरत न्हाई."

तो हसला, खाली बसला, मेंढीच्या जबड्याखाली अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. मळलेल्या पिठात बोट दाबल्यावर राहतो तसा.

"हे मास न्हाई मावशी, पाणी हाय. आतून खलास झालीया. हे तुमाला मी सांगायचं व्हय? माझा बाप म्हणायचा, तुळजाबाईला मेंढरू लांबनं कळतंय."

"मंग घेऊ नको. तुला कुणी आवतण दिलतं?"

गेला हसत. मी मेंढीला काठीनं ढोसलं. तिनं मान खाली घातली, तशी जबड्याखालची ती थैली लोंबली. हे पाणी मी लहानपणापासून बघतेय. अंगाला अन्न लागेनासं झालं, रक्ताचं पाणी झालं, की ते असं खाली उतरतं. जनावर आधी फुगतं आणि मग जातं. अडाणी माणूस म्हणतो भरलंय.

अडाणी माणूस म्हणतो भरलंय.

उठते जरा.

शुक्रवार, संध्याकाळ, अंबाजोगाई

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. अक्षर वाकडं येतंय.

सकाळी वही टाकली आणि रोहिणीच्या पावलावर अंगठा दाबला. उचलला. खड्डा राहिला. नडगीवर दाबला. तिथंही राहिला. पोरीनं पाय ओढून घेतला नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. भिंतीकडं बघत होती.

धनश्री चुलीपाशी होती. तिनं सगळं बघितलं. मी पोर उचलली, तशी ती चप्पल घालून दारात उभी. पिशवी तिच्या खांद्याला होती. दुपटी, कपडे, आधारकार्ड, सगळं भरलेलं. कधीपासून भरून ठेवली होती कुणास ठाऊक.

वत्सला कुंपणावरून ओरडली, "तुळजे, सोमनाथ आल्याबिगर कुठं निघालीस? आन नारळ?"

"तू खा नारळ."

जीप मिळाली. वाटेत पोरीची मान माझ्या दंडावर अशी पडली होती की खड्डा आला की मी आधी तिच्या नाकापुढं बोट धरत होते.

डॉक्टरीण तरणी आहे, सुनेच्या वयाची. पोरीला बघता बघता विचारलं, काय काय खाते. माझ्या तोंडून निघून गेलं, "सगळं खाती. भात, पेज, भाकर..."

"खोटं हाय."

धनश्री. एवढा मोठा आवाज मी तिच्या लग्नापासून ऐकला नव्हता. "गोवर उठल्यापसून दूध न्हाई, डाळ न्हाई, अंडं न्हाई. त्याच्या आधी माझं बी तोडलं. ह्यांनी."

सिस्टर हातातलं काम सोडून बघायला लागली. डॉक्टरीण मला काही बोलली नाही. बोलली असती तर मी पण दोन ऐकवले असते आणि जरा बरं वाटलं असतं. तिनं पोरीच्या पायावर अंगठा दाबला, माझ्यासारखाच, आणि लिहून घेतलं.

कुपोषण म्हणाली. हा शब्द मी टीव्हीवर ऐकलाय. मला वाटायचं ते कुठं तरी लांब डोंगरात होतं, ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांना. माझ्या घरी ज्वारीची पोती आहेत. दुभत्या शेळ्या आहेत.

रविवार

सकाळी पोर गार पडली. हातपाय दगडासारखे, डोळे वर गेले. सिस्टर पळाली, डॉक्टरीण पळत आली. रक्तातली साखर उतरली म्हणाल्या. सुया, नळ्या. आम्हाला बाहेर काढलं आणि दार लोटलं.

मी भिंतीला धरून नवस बोलायला तोंड उघडलं. आई, एवढी पोर वाचू दे, मी... पुढं शब्द येईना. नवस म्हणजे काही तरी सोडायचं. गूळ सोडते, भात सोडते. आमच्या घरात आता आणखी काय सोडायचं राहिलंय? तोंड मिटलं.

धनश्री फरशीवर बसली होती. "मेली तर मी तुमच्या घरी यायची न्हाई," म्हणाली. रागानं नाही. बाजारातला भाव सांगावा तसं.

"नको येऊस," मी म्हणाले.

कुणाचा तरी नातेवाईक समोर डबा उघडून जेवत होता. त्याचं चावणं मला ऐकू येत होतं.

दार उघडलं. सिस्टर म्हणाली, "शुद्धीवर आलीय. पण आजी, अजून काही सांगता येत न्हाई."

बुधवार

सूज उतरतेय, आणि खालून जी पोर निघाली ती मी ओळखलीच नाही. बरगड्या, गुडघे, ढुंगणाची कातडी लोंबतेय. तोंड म्हातारीचं झालंय. वजन रोज घटतंय. आणि ह्या बायका दर दोन तासांनी एवढंसं पाजतात, दूध आणि साखर-तेलाचं काही तरी पातळ, तेही मापून.

"एवढ्यात करडू बी जगायचं न्हाई," मी सिस्टरला म्हणाले.

"आजी, सूज होती म्हणून वजन होतं. ते पाणी जातंय. हळूहळूच द्यावं लागतं."

हळूहळू! माझ्यासमोर उपाशी मारतायत पोरीला. मी खाली गेले, टपरीवरून उकडलेलं अंडं घेतलं, पदरात लपवून वर आणलं. सिस्टर वळली तसं सोललं आणि पोरीच्या तोंडाशी नेलं. पोरीनं तोंड उघडलं. कितीतरी दिवसांनी आपणहून उघडलं.

धनश्रीनं माझं मनगट धरलं. दुखावं असं धरलं.

"आत्या, दुष्काळातनं आलेल्या मेंढराला एकदम ज्वारी सोडता का तुमी?"

नाही सोडत. सोडली तर पोट फुगून दिवस मावळायच्या आत मरतं. आधी मूठभर पाला, थोडं पाणी, मग हळूहळू वाढवायचं. ती लग्न होऊन आली तेव्हा मीच तिला शिकवलं होतं. तिच्या माहेरी मेंढरं नव्हती.

अंडं हातात गार झालं.

"मंग तू खा," मी म्हणाले.

"मला पथ्य हाय."

माझ्या तोंडावर म्हणाली. डोळे हलवले नाहीत.

"मोडलं मी. खा."

तिनं घेतलं आणि दोन घासात संपवलं. मीठ मागितलं नाही. पोरीकडं पाठ करून खाल्लं, तिला दिसू नये म्हणून. मग बोटं चाटली. तेव्हा मला दिसलं की हिची पण गालफडं बसलीत, ओठ पांढरे फटक. परवा सिस्टरनं हिची पापणी ओढून बघितली होती आणि रक्ताच्या गोळ्या दिल्या होत्या. मला वाटलं होतं, रडून डोळे सुजलेत म्हणून बघतायत.

मी आणखी एक अंडं आणायला खाली गेले.

शनिवार

सोमनाथ आला. अंगाला मेंढरांचा वास, दाढी वाढलेली, पिशवीत नारळ.

"आई, तू पथ्य मोडलंस? वत्सलाकाकी फोनवर म्हणली तर मला खरं वाटंना. आता कोप झाला म्हंजी?"

"जा आत. बघ आन मंग कोपाचं बोल."

गेला. लवकर बाहेर आला. व्हरांड्यात माझ्याशेजारी बसला, नारळाच्या शेंड्या उपटत राहिला.

"मला कावून सांगितलं न्हाई? मेंढरं वाऱ्यावर सोडून आलो असतो."

"सांगितलं की. भरलीय म्हणून सांगितलं."

"आन होती का भरलेली?"

सोमनाथचा मला राग आला होता, पण राग करायला पुढं काही सुचेना. तो मग आत जाऊन धनश्रीशी हळू बोलत बसला. निघताना त्यानं विचारलं, "मी ठाण्यावर जाऊन नारळ फोडू का?" माझ्याकडं बघून नाही, तिच्याकडं बघून विचारलं.

"तुमचं तुमी बघा," धनश्री म्हणाली. "ती वाटी द्या इकडं. तिची पाजायची येळ झाली."

चैत्र, सोमवार

पाडवा दवाखान्यातच गेला. काल घरी आलो.

वाचली. डॉक्टरीण म्हणाली वाचली, पण बांधा कदाचित मागंच राहील, आजारपण लवकर धरेल, पंधरा दिवसाला आणून दाखवायचं. पोटातल्या बाळाचं वजन पण कमी आहे म्हणाली. हे शेवटचं माझ्याकडं बघून म्हणाली की सहज मान वळवली, कळलं नाही.

ती म्हातारी मेंढी आम्ही नव्हतो तेव्हा मेली. वत्सलानं पुरायला लावली.

धनश्री आता पोरीला माझ्या हातून काही भरवू देत नाही. मी भाकरी दुधात कुस्करते, ती वाटी उचलून चुलीपलीकडं नेते आणि तिकडं तोंड करून भरवते. बरोबर आहे. तिच्या जागी मी असते तर कुस्करूही दिली नसती.

सत्यभामा आली होती. पाकिटं ठेवून गेली. मला काही बोलली नाही. शेळीला मात्र विचारून गेली, "काय गं, बरी हायस का?" बाई तिखट आहे. मला आधी कळलं नव्हतं.

चैत्र, गुरुवार

सकाळीच वत्सला आली. तोंड उतरलेलं. "सत्यमच्या अंगावर आई उमटली गं. चल. डहाळा बांध, पथ्य सांग."

"मला बोलावती अजून?"

"तुझ्याबिगर कोण हाय?"

गेले. घर बायकांनी भरलेलं. एरवी केस ओढणारं पोर फडक्यावर पडलेलं, डोळे चिकटलेले, अंग तापलेलं. वत्सलाची सून कोपऱ्यात, गुडघ्यात मान घालून. तिच्याकडं बघून मला दुसरंच कुणी दिसलं.

मी डहाळा बांधला. आलीय तर तिचा मान ठेवला पाहिजे, त्यात माझं काही म्हणणं नाही. फडकं ओलं केलं, पोराच्या अंगावरून फिरवलं. मग उठले आणि वत्सलाला म्हणाले, "दूध तापव. वरण टाक, वर तेलाची धार सोड. तोंड कडू आसंल त्याचं, थोडं थोडं द्या, पण देत ऱ्हावा. अंगावर पीत आसंल तर तोडू नका. आन सत्यभामेला आत्ता बोलाव. डोळ्यासाठी काय तरी डोस असतो, ती दवाखान्यात नेऊन देईल."

कुणी हललं नाही. चुलीपाशी बसलेली एक म्हातारी म्हणाली, "तुळजाबाई, जनमभर उलटं सांगितलं की तुमी."

"व्हय."

"मंग तवाचं खरं का आत्ताचं?"

"आत्ताचं."

"आन बापाचा नारळ?"

"फोडंल त्यो आल्यावर. नारळ नासत न्हाई. पोर नासतं."

वत्सलानं माझा दंड धरला. ती वाईट नाही, घाबरली होती. मी घाबरले नव्हते असं नाही. "तुळजे, आईचा कोप झाला तर गं?"

"तर म्हणावं तुळजीनं सांगितलं. घर ठाव हाय तिला, आत्ताच येऊन गेलीय. दूध कुठाय?"

वत्सला उभीच होती. तिच्या मागून सून उठली. सासूकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. लोटा घेतला आणि अंगणात शेळीखाली जाऊन बसली.